गोदी आणि गिरणी : मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचे साहित्यातील स्थान

मुंबईच्या श्रमजीवी जीवनाचे जे चित्र मराठी साहित्यात उमटले आहे, ते प्राधान्याने गिरणीचे चित्र आहे. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीपासून जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकापर्यंत एक अखंड परंपरा दाखविता येते. नारायण सुर्वे यांची कविता, शाहिरांचे पोवाडे, कामगार रंगभूमी, ही सर्व याच परंपरेची अंगे होत. लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागांना मिळून 'गिरणगाव' हे एकच नाव पडले, आणि ते नाव लोकांनी जसे उचलले तसेच साहित्यानेही उचलले.

याच शहराच्या पूर्व कडेने, मशीद बंदरापासून वाडीबंदर, माझगाव, दारूखाना, कॉटन ग्रीन आणि शिवडीपर्यंत, श्रमिकांचा आणखी एक प्रदेश शंभरांहून अधिक वर्षे नांदत होता. तो गोद्यांचा, वखारींचा आणि धक्क्यांचा प्रदेश. त्याला 'गिरणगावा'सारखे एक नाव कधीच मिळाले नाही. मराठी ललित साहित्यातही त्याला गिरणगावाच्या तोलाचे स्थान लाभले नाही. हे असे का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विचार आताच करण्याचे कारण असे की, हा प्रदेश आज झपाट्याने रूप पालटीत असून, तो पुरता पालटल्यावर त्याच्याविषयी बोलणारी साक्ष फार थोडी उरेल.

प्रथम प्रदेशाचा थोडा परिचय आवश्यक आहे. माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. त्याच्या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. कोणी ती 'मत्स्यग्रामा'शी जोडतात, कोणी 'माझे गाव' अशी भाबडी फोड करतात. कोळ्यांची वस्ती, पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती पाखाड्या आणि आंब्यांच्या बागा हे त्याचे जुने रूप. इंग्रजी अमदानीत काही काळ ते श्रीमंतांच्या बंगल्यांचे उपनगर होते, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. कामगारवस्ती हे माझगावचे मूळ रूप नव्हे. ते त्याचे मधले रूप होय. 'जुने अस्सल माझगाव लोपले' असा गळा काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. बंगल्यांचे माझगाव लोपले तेव्हाही कोणीतरी असाच उसासा टाकला असेल.

रूप पालटले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापाराने मुंबईत पैशाचा पूर आला, आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. एल्फिन्स्टन कंपनीने पूर्व किनाऱ्यावर भरणी घालून तयार केलेली मालमत्ता पुढे सरकारने विकत घेतली, आणि १८७३ साली बंदर न्यास स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस गोदी खुली झाली. तिच्यामागून व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) तयार झाली. १९१० साली कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बर रेल्वे आली. कापसाचा व्यापार कुलाब्याहून शिवडीस हलला. 'कॉटन ग्रीन' हे स्थानकाचे नाव त्याचेच अवशिष्ट चिन्ह. या परिसरातील नावे हाच एक लहानसा कोश आहे : कोळसा बंदर, लाकडी बंदर, हे बंदर (म्हणजे गवताचे बंदर), दारूखाना (पिण्याच्या दारूचा नव्हे, तोफांच्या दारूचा). जेथे जो माल उतरला तेथे त्याचे नाव चिकटले. माणसांची नावे मात्र थोडी. भाऊ अजिंक्य यांचा 'भाऊचा धक्का' हा एक ठळक अपवाद, आणि गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो यांच्या १९५८ मधील निधनानंतर जुन्या फ्रिअर रोडला दिलेले नाव हा दुसरा.

एवढी सामग्री समोर असता साहित्य मूक का राहिले? याचे एक सोपे उत्तर संख्येचे आहे. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. गोदीतील संख्या त्याहून पुष्कळ कमी. म्हणून साहित्य गिरणीकडे वळले, असे म्हणता येईल. परंतु हे उत्तर टिकत नाही. साहित्याचे लक्ष शिरगणतीप्रमाणे वाटले जात नसते. नामदेव ढसाळांच्या 'गोलपीठा'ने (१९७२) शहराचा एक चिंचोळा भाग मराठी कवितेच्या केंद्रस्थानी आणून ठेवला. तेथील लोकसंख्या किती, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

माझ्या मते खरे कारण कामाच्या रचनेत शोधले पाहिजे. गिरणीचा दिवस भोंग्याने बांधलेला असे. पाळी, खाते, साचा, मुकादम, पगाराची तारीख या सर्वांना एक नियमित लय होती. कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राही. त्याच्या चाळीत गावकीची खोली, खानावळ, भजनी मंडळ आणि व्यायामशाळा असे. म्हणजे काम, घर, करमणूक आणि चळवळ ही चारही एकाच चौकटीत बसत. कादंबरीकाराला किंवा नाटककाराला याहून सोयीची चौकट कोणती मिळणार? 'अधांतर'मध्ये तर एका चाळीतील एका खोलीत सारे गिरणगाव मावते.

गोदीचे काम याच्या उलट. ते जहाजावर अवलंबून आणि जहाज भरती-ओहोटीवर, हवामानावर, दूरदेशच्या बाजारभावावर अवलंबून. जहाज आले तर काम, नाही तर धक्क्यावर बसून राहावयाचे. दीर्घकाळ ही मजुरी टोळीवाल्यांच्या हाती होती. टोळीवाला सकाळी माणसे निवडी आणि जो निवडला गेला नाही तो त्या दिवसापुरता बेकार होई. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने या अनिश्चिततेला आळा घालण्याचा आरंभ केला. नोंदणी, हजेरी आणि काम नसलेल्या दिवसाचाही काही मोबदला ही तत्त्वे त्याने आणली. कायद्याच्या इतिहासात हा टप्पा फार मोठा आहे. साहित्यात मात्र त्याची खूण जवळजवळ दिसत नाही.

दुसरी गोष्ट, गोदी कुंपणाच्या आत होती. गिरणीलाही भिंत होतीच. परंतु गिरणीच्या भिंतीबाहेर लगेच वस्ती सुरू होई. गोदीच्या भिंतीआड जकातीची हद्द होती आणि परवान्यावाचून आत पाऊल टाकता येत नसे. लेखक आत जाऊ शकत नव्हता, आणि आत असलेला माणूस क्वचितच लेखक होत होता. सुर्वे गिरणीत राबले आणि कवी झाले. गोदीने असा कवी मराठीला दिला नाही.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोदी कामगारांत घाटावरचा मराठा होता, तसाच कोकणी मुसलमान, गोव्याचा ख्रिस्ती, उत्तर भारतीय आणि तेलुगू भाषकही होता. त्यांची आपसातील बोली ही बंबईय्या हिंदी, कोकणी, पोर्तुगीज अवशेष आणि इंग्रजी जहाजी शब्द यांचे मिश्रण होती. 'सारंग', 'तांडेल', 'नाखवा', 'खलाशी' हे शब्द फारसी-अरबी-हिंदी समुद्रव्यापाराच्या मार्गाने आलेले. 'हॅच', 'विंच' हे इंग्रजीतून. गिरणीतही शब्द परके होतेच, परंतु ते मराठी वाक्यात विरघळले, कारण कामगारवर्गाचा गाभा कोकण-देशावरील मराठी भाषकांचा होता. गोदीत मराठी ही अनेकांतली एक भाषा होती. मराठी लेखकाने तिकडे पाहिले असते, तर त्याला प्रथम आपल्या भाषेची मर्यादा दिसली असती. ही अडचण पत्करण्यापेक्षा ज्या ठिकाणी मराठी माणूस मराठीतच बोलतो, रडतो आणि संप करतो तेथे जाणे त्याला स्वाभाविक वाटले. यात दोष देण्याचा हेतू नाही. परंतु 'कामगार साहित्य' ही संज्ञा आपण किती संकुचित करून वापरतो, हे यातून दिसते.

येथे कोणी असे म्हणेल की, बंदर मराठी साहित्यात आलेच नाही हे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. कोकणातून बोटीने येणारा चाकरमानी, भाऊच्या धक्क्यावर उतरणारी बाई, ट्रंका आणि फणस, बोट लागणे, ही दृश्ये आपल्या परिचयाची आहेत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली, त्या घटनेची स्मृती कोकणात अजून आहे. हे सर्व खरे. परंतु नीट पाहिले असता असे दिसते की, या सर्व प्रसंगांत धक्का हा उंबरठा आहे. माणूस तेथे उतरतो आणि लालबागची वाट धरतो. तेथे थांबून दुसऱ्यांचे ओझे उतरविणारा जो माणूस, तो चित्राच्या कडेला 'हमाल' या एका शब्दाने उरकला जातो. ज्याच्या डोक्यावर नायकाची ट्रंक आहे त्याचे नाव वाचकाला कळत नाही.

जुन्या नगरवर्णनांची स्थिती निराळी आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' (१८६३) आणि आचार्य व शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' (१८८९) या दोन ग्रंथांत बंदरे, धक्के, व्यापार यांना मानाचे स्थान आहे. माडगावकर स्वतः गोव्याकडून आलेले; समुद्रमार्गाने वाढलेल्या शहराचे कौतुक त्यांच्या लेखणीत ओसंडते. शहर म्हणजे प्रथम बंदर, ही जाण त्यांच्या ग्रंथात आहे, आणि ती विसाव्या शतकातील ललित लेखनात क्षीण झाली हे लक्षणीय आहे. परंतु या वर्णनांची दृष्टी मालावर आहे. कोणता जिन्नस कोठून येतो, कोणती पेठ कशाने भरते, हे त्यांत दिसते. जिन्नस वाहणारी पाठ फारशी दिसत नाही. म्हणजे एकोणिसाव्या शतकाने बंदर पाहिले आणि कामगार पाहिला नाही. विसाव्याने कामगार पाहिला आणि बंदर पाहिले नाही.

या उपेक्षेची सर्वांत कठीण कसोटी १४ एप्रिल १९४४ ही तारीख होय. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या लगडी एकत्र होत्या. कापसाला आग लागली, आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. देशभर पाळला जाणारा अग्निसुरक्षा दिन याच तारखेचा. युद्धकाळातील नियंत्रणामुळे वृत्त काही दिवस दडपले गेले, हे मौनाचे एक कारण म्हणता येईल. परंतु नियंत्रण १९४५ नंतर राहिले नाही, मौन राहिले. जनमानसात काय टिकले? सोने. आकाशातून लगडी पडल्याच्या कथा मुंबईत आजही सांगितल्या जातात, आणि गोदीचा गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे लगडी सापडत राहिल्यामुळे त्या कथांना दुजोराही मिळाला. त्या दुपारी आगीशी झुंजणारी आणि धक्क्यावर माल उतरवीत असलेली माणसे कथेत उरली नाहीत.

फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या उठावाचेही असेच. 'तलवार' या नाविक तळावर १८ तारखेला सुरू झालेला हा उठाव दोन-तीन दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर आला. गिरणी कामगारांनी हरताळ केला आणि गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक ठार झाले. मुंबई बंदरात घडलेल्या या घटनेवरील गाजलेले नाटक बंगालीत आहे : उत्पल दत्त यांचे 'कल्लोल', कलकत्त्यात १९६५ साली रंगभूमीवर आले. मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाने या एका गोष्टीवर थोडा वेळ विचार करावा, अशी माझी सूचना आहे.

मराठी लेखकाने मोकळी ठेवलेली ही जागा पुढे हिंदी चित्रपटाने घेतली. 'दीवार'चा (१९७५) नायक गोदीतील हमाल आहे, आणि हप्ता देण्यास नकार देऊन तो प्रेक्षकांच्या मनात प्रथम ठसतो. परंतु चित्रपटाला गोदीतले काम नको होते, गोदीतली वखार हवी होती. आणि थोड्याच वर्षांत 'गोदी' म्हणजे तस्करी असे समीकरण लोकमानसात रूढ झाले. कष्टाचा प्रदेश गुन्ह्याचा प्रदेश म्हणून ओळखला जाऊ लागला, हा त्यातला तोटा.

माझगावच्या कामगारवस्तीला कादंबरीत खरे रूप मिळाले ते किरण नगरकरांच्या 'रावण अँड एडी' (१९९५) या कृतीत. ज्या लेखकाची पहिली कादंबरी 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मराठीत अवतरली, त्याने माझगावच्या चाळीची कादंबरी इंग्रजीत प्रसिद्ध करावी, ही घटना आपल्या विवेचनाच्या दृष्टीने बोलकी आहे. एका चाळीत मराठी हिंदू आणि गोव्याकडचे ख्रिस्ती वरखाली राहतात. जिना एक, पाण्याचा वेळ एक, आणि जग दोन. वर म्हटलेली बहुभाषिकतेची अडचण नगरकरांनी टाळली नाही, तिलाच कादंबरीचा पाया केले. पाण्यासाठी चाललेल्या चाळकऱ्यांच्या युद्धावरील प्रकरण वाचताना लेखकाची विनोदबुद्धी आणि सामाजिक निरीक्षण एकरूप झालेले दिसते. तरीही या कादंबरीचा विषय चाळ आहे, गोदी नव्हे. किनाऱ्यावरील वस्तीचे घर तीत आले, किनाऱ्यावरील काम आले नाही. मराठीत या तोडीचे माझगाव नाही, हे मान्य करणे मात्र भाग आहे.

आता बदलाकडे वळू. गिरणगावाचा अंत नाट्यमय होता. १८ जानेवारी १९८२ ही संपाची तारीख सर्वांना पाठ आहे, आणि शोकांतिकेला लागणारा नायक, संघर्ष व पराभव तीत होते. गोदीचा अंत तारखेने सांगता येत नाही. माल पेट्यांत बंद होऊन यांत्रिक हातांनी उचलला जाऊ लागला. २६ मे १९८९ रोजी पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथील नवे बंदर सुरू झाले. टोळ्या लहान होत गेल्या. माणसे निवृत्त झाली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. मुंबई बंदर आजही चालते, माझगाव गोदीत युद्धनौका आजही बांधल्या जातात. परंतु ज्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्यांनी हा प्रदेश घडविला, त्यांतील पाणी पुढे भरणी घालून बुजविण्यात आले. 'फोर्ट स्टिकिन' जेथे फुटले तेथे आज जमीन आहे. असा अंत कादंबरीला अवघड असतो. त्यात पडदा पडण्याचा क्षण नाही.

बंदराच्या ताब्यात सुमारे १,८०० एकर जमीन आहे. तिच्या पुनर्विकासाच्या विचारासाठी २०१४ साली केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे बंदर न्यासाकडून आराखड्याचा मसुदाही आला. २०१३ साली पूर्व मुक्त मार्ग या वखारींच्या डोक्यावरून धावू लागला, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून निघणारा अटल सेतू खुला झाला. माझगावच्या टेकडीवर, जलाशयाच्या माथ्यावर, जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या नावाचे उद्यान आहे. टिळकांचे सहकारी आणि कामगार चळवळीचे एक आद्य पुढारी असलेल्या या माझगावकराच्या उद्यानाभोवती आज गगनचुंबी इमारती उभ्या राहत आहेत, आणि समुद्राचे दर्शन हा त्यांच्या किमतीचा भाग झाला आहे.

या प्रक्रियेला आजकाल समाजशास्त्रात 'उच्चभ्रूकरण' म्हणतात. ही कल्पना रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनच्या संदर्भात मांडली. तेथे कामगारांची जुनी घरे मध्यमवर्गाने विकत घेतली, आणि घर तेच राहून राहणारा बदलला. पदव्युत्तर प्रबंधांतून ही संज्ञा मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला जशीच्या तशी लावण्याची प्रवृत्ती दिसते, तिला माझा आक्षेप आहे. येथे जमीन कामगाराच्या मालकीची कधीच नव्हती. ती एका सार्वजनिक न्यासाची. पुष्कळसे गोदी कामगार वडाळ्याच्या वसाहतींत किंवा डोंगरी-नागपाड्याकडे राहत. म्हणून येथे प्रथम घर गेले नाही, काम गेले; आणि काम गेल्यावर जागा 'रिकामी' दिसू लागली. रिकामी दिसणाऱ्या जागेवर कोणाचा हक्क सांगावयाचा, तर घराचे भाडेपत्र दाखविता येत नाही आणि कामाची स्मृती कागदावर नाही. दारूखान्याच्या आसपास ज्या झोपड्या आहेत त्यांची कथा वेगळी आणि अधिक कठोर आहे. तेथे विस्थापन हा शब्द अक्षरशः लागू पडतो. या दोन गोष्टी एकाच संज्ञेखाली झाकू नयेत.

साहित्याच्या अभ्यासकाचा यात संबंध काय, असा प्रश्न विचारला जाईल. गिरण्यांच्या जमिनीचा वाद पेटला तेव्हा कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हाताशी कविता होती, नाटके होती, आत्मकथने होती. त्या जमिनीवर माणसे राबली हे सिद्ध करावे लागले नाही. पूर्व किनाऱ्याच्या बाबतीत हाताशी आहेत ते वार्षिक अहवाल, टनांचे आकडे आणि चित्रपटातील वखारी.

आपल्या विभागाला करता येण्यासारखी कामे यातून सुचतात. पहिले, गोदीतील शब्दसंग्रहाचे. टोळीच्या निरनिराळ्या कामांची नावे, मालाच्या बांधणीचे प्रकार, दोर आणि आकडे यांचे शब्द, ओझे उचलतानाच्या आरोळ्या, हे सर्व अजून ज्यांच्या तोंडी आहे ते लोक सत्तरी ओलांडलेले आहेत. दुसरे, कामगार संघटनांची पत्रके, स्मरणिका आणि मराठी, उर्दू, कोकणी अशा भाषांतील छोटी प्रकाशने यांची सूची. ललित साहित्यात न आढळणारा गोदी कामगार कदाचित तेथे स्वतःच्या शब्दांत बोलत असेल, आणि तसे असल्यास वर मांडलेल्या काही विधानांना मुरड घालावी लागेल. तिसरे काम नगरकरांच्या कादंबरीचे मराठीच्या अंगाने वाचन करण्याचे. तिच्यातील संवाद कोणत्या भाषेत बोलले जात असावेत, याचा वाक्यावाक्याने शोध घेतल्यास माझगावच्या बोलीविषयी बरेच हाती लागेल. यांपैकी शब्दसंग्रहाचे काम प्रथम हाती घ्यावे, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांनी वडाळ्याच्या वसाहतींपासून आरंभ करावा. कारण सूची आणि कादंबरी थांबू शकतात.